तेहतिसाव्या दिवसाचा बँजो

रविवार, १९ एप्रिल १९२५

डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण झालाय. हेरिंग मासा बंद, तंबाखू बंद आणि ओरडणं बंद. मी म्हटलं, "डॉक्टर, मी बँडमास्तर आहे. ओरडायचं नाही तर वाजवून कसं घ्यायचं?" तर म्हणतात, "ओरडायचंय ते वहीत ओरडा." म्हणून ही वही. दिवसातून चार पेले दूध प्यायचं, आणि आमच्या धर्मात दूध प्यायलं की मांस नाही. म्हणजे या वयात माझी गाय केली म्हणायची.

आज ओरडण्यासारखंच घडलं. वल्हांडणाचा सण संपला, आता ओमेरचे, म्हणजे त्या सणापासूनच्या सात आठवड्यांचे, दिवस रोज मोजायचे. तेहतिसाव्या दिवसापर्यंत कुणाचं लग्न नाही, गाणं नाही, दाढी कापायची नाही, म्हणजे आम्हाला काम नाही. म्हणून एल्ड्रिज स्ट्रीटच्या लग्नाच्या हॉलवर गेलो, मालकाला विचारायला की तेहतिसाव्या दिवशी काय आहे. मालक पर्लस्टाईननं मला खुर्ची दिली. हा माणूस खुर्ची देतो तेव्हा वाईट बातमी असते.

"लेमकिन बटणवाल्याच्या मुलीचं लग्न. दुपारी तीनला. पण शाये, मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन आहे. तिला जॅझ पाहिजे."

"वाजवू की."

"तुम्ही पुरीमच्या सणाला फॉक्सट्रॉट नाच वाजवलात तेव्हा तिची मैत्रीण म्हणाली, आत कुणी वारलंय का?"

ओरडणार होतो. डॉक्टरांची आठवण काढली.

"ड्रमवाला बेनी ठीक आहे," तो म्हणाला. "तू ठीक आहेस. पण बँजो पाहिजे. आणि ती शवपेटी माझ्या स्टेजवर परत दिसता कामा नये. शवपेटी नको आणि ती बडवणारा दाढीवालाही नको. हे लग्न रंगलं तर वर्षभराची सगळी लग्नं तुमची. नाही रंगलं तर ब्राउन्सव्हिलचा बँड तयार आहे, त्यांच्याकडे तीन सॅक्सोफोन आहेत."

शवपेटी म्हणजे त्सिम्बल. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्या बडवायला दोन बारीक काठ्या. आणि ती बडवणारा दाढीवाला म्हणजे गेदाल्ये, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. अठ्ठावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून वाजवणारा. तिकडे मायदेशी, बेसराबियात, मला ताप चढला तेव्हा बर्फातून चार मैल एका खांद्यावर त्सिम्बल आणि दुसऱ्या खांद्यावर मी, असा चालत आलेला गेदाल्ये.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं."

एवढंच. बरं! थुंकावंसं वाटतंय माझ्या तोंडावर.

त्याची बायको वारली तेव्हापासून गेदाल्ये आमच्याच खाली तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जेवायला आमच्याकडे येतो. आज जेवल्यावर उभा राहून त्यानं नेहमीसारखं मोजलं, "आज ओमेरचा अकरावा दिवस." माझ्या पोटात कळ आली. तेहतिसाव्याच्या आत त्याला सांगायचंय. वही चहाच्या सामोवारच्या मागे ठेवतोय. माझ्या बायकोला, फ्रुमेला, वाचायचा कंटाळा आहे.

मंगळवार, २१ एप्रिल

नाही सांगितलं. काल तो दाराच्या कडीला तेल घालत होता, माझ्याच दाराच्या. अशा माणसाला काय सांगणार?

वहीच्या पहिल्या पानावर चहाचा डाग पडलाय. मी चहा सोडून दूध पितोय. सामोवार गळत असेल. फ्रुमेला सांगितलं तर म्हणाली, "असेल."

गेदाल्ये आज दुपारी बाहेर गेला होता. कुठे म्हटलं तर "वर, शहराच्या उत्तरेकडे." हा माणूस वीस वर्षांत चौदाव्या रस्त्याच्या वर गेलेला नाही.

गुरुवार, २३ एप्रिल

बेनीला भेटलो. पंचवीस वर्षांचा आहे, इथेच जन्मलेला. यीडिश बोलतो तीसुद्धा च्युइंगगम चघळत. पण ड्रमवर हात असा पडतो की रागावताही येत नाही. त्याला म्हटलं, बँजोवाला शोध, पण गेदाल्येच्या कानावर जाऊ देऊ नकोस, त्याला मीच सांगणार आहे.

"केव्हा?"

"ते तुला काय करायचंय?"

"तसं नाही, शायेकाका. सहज विचारलं."

संध्याकाळी बेनी परत आला, आणि आधी फ्रुमेबरोबर स्वयंपाकघरात अर्धा तास बसला. कुगेल खायला, दुसरं काय. मग बाहेर येऊन म्हणाला, "मिळाला बँजोवाला. जरा वयस्कर आहे, पण ताल पक्का."

"आपल्यातला?"

"आपल्यातला म्हणजे अगदीच आपल्यातला."

"तालमीला आण."

"तालमीला नाही येणार. लाजतो. सरळ लग्नाच्या दिवशी येईल."

लाजणारा बँजोवाला! काय काय ऐकायला लागतंय या वयात.

सोमवार, २७ एप्रिल

जेवताना गेदाल्येचा हात बघितला. डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांना फ्रुमेनं चिंध्या बांधल्यात. त्सिम्बल काठ्यांनी वाजवतात, त्यात बोटं कुठून फुटणार? मला कळलं. कुणी नाही सांगितलं, पण मला कळलं. त्याला काढणार याची कुणकुण लागलीय आणि तो शिवणकामाच्या कारखान्यात लागलाय. सुया टोचून घेतोय. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ज्याचे हात अख्ख्या बेसराबियात नावाजलेले होते!

"बोटांना काय झालं?" मी विचारलं.

"नवीन काम शिकतोय," तो म्हणाला आणि बीटच्या सुपात पाव बुडवून खात बसला. वर हसला.

 तो निजायला गेल्यावर फ्रुमेला म्हटलं, "तुझ्या भावाची बोटं बघितलीस?"

"मीच तर बांधली."

"मग? काळजी नाही वाटत?"

"घट्टे पडले की दुखायचं थांबेल," म्हणाली, आणि गुणगुणत भांडी घासायला लागली. सख्खी बहीण! बायकांचं काळीज मऊ असतं म्हणणाऱ्याला माझ्या घरी पाठवा.

आज एकोणिसावा.

गुरुवार, ३० एप्रिल

बेनीनं त्याच्या ग्रामोफोनवर जॅझच्या रेकॉर्डी लावल्या. ओमेरमध्ये गाणं ऐकायचं नाही, पण आमचा तो धंदा आहे, आणि भोंग्यात उशी कोंबली होती. मी खूप प्रयत्न केला. बेनी म्हणतो, सूर सरळ धरू नका, जरा उशिरा या, घसरत या. मी घसरलो की माझा क्लॅरिनेट रडायला लागतो. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरीला खुर्चीत बसवून वाजवून रडवतात, ते वाजवणं मी तीस वर्षं केलंय, तो हुंदका ओठातून जायचा कसा? मग रडू यायला नको म्हणून सूर ताठ धरतो, की लगेच तो फॉक्सट्रॉट नुसता कवायतीसारखा वाजतो.

"रडू द्या की," बेनी म्हणाला.

"लग्नाचा फॉक्सट्रॉट रडतो का कधी?"

"त्या रेकॉर्डीतला काय करतोय मग?"

मी म्हटलं, गप बस, माझे केस पिकलेत. परत ऐकली मात्र तीच रेकॉर्ड, चार वेळा.

घरी आलो तर खालच्या मजल्यावर घर तापवायचे वाफेचे नळ खडखडतायत. टिंग, टिंग, टिंग. मधेच थांबतात, परत तिथूनच सुरू. फ्रुमेला म्हटलं, घरमालकाला सांग, प्लंबर बोलाव. ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत ठीक होतील."

मंगळवार, ५ मे

आज मी एक लाजिरवाणं काम केलं. गेदाल्येच्या मागे गेलो.

दर मंगळवारी आणि गुरुवारी जातो कुठे? कारखान्यात तर रोज जावं लागतं. खांबांवरून धावणाऱ्या आगगाडीत तो पुढच्या डब्यात, मी मागच्या डब्यात टोपी डोळ्यांवर ओढून. उतरला तो थेट एकशे पस्तिसाव्या रस्त्यावर, हार्लेममध्ये. आणि शिरला कुठे? न्हाव्याच्या दुकानात!

ओमेरमध्ये न्हाव्याकडे! हा माणूस तेहतिसाव्या दिवसापर्यंत कात्रीकडे बघतसुद्धा नाही. दुकानाचा मालक, एक उंच काळा गृहस्थ, दारापर्यंत आला आणि जुना दोस्त असल्यासारखा त्याच्या पाठीवर हात टाकून आत घेऊन गेला. मी समोरच्या भाजीवाल्याकडे कांदे बघत उभा राहिलो. तासभर. भाजीवाला शेवटी म्हणाला, साहेब, कांदा आहे, नवरी नाही, घ्या की. तीन कांदे घ्यावे लागले.

गेदाल्ये बाहेर आला. दाढी तेवढीच. एक केस कमी नाही. मग तासभर न्हाव्याकडे काय केलं? घरी येईपर्यंत डोकं फिरलं. एकच अर्थ लागतो. दाढी काढायचं मनात आहे, धीर होत नाही. धर्मावरचा विश्वास डळमळलाय, आणि डळमळला कुणामुळे? माझ्यामुळे. त्याला कळलंय की त्याची दाढी स्टेजवर नकोय.

कांदे फ्रुमेला दिले. "हार्लेममध्ये कांदे स्वस्त आहेत का?" म्हणाली. मी हार्लेमला गेलो होतो हे हिला कसं कळलं? मी तर फक्त इथे लिहिलंय, तेसुद्धा आत्ता, ती कांदे चिरत असताना. म्हणजे गेदाल्येनं मला गाडीत बघितलं असणार.

गुरुवार, ७ मे

आज सांगणारच होतो. फ्रुमे शेजारणीकडे गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "गेदाल्ये."

"हं."

"गेदाल्ये, ऐक."

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. साखरेचा खडा दातांतून काढला. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "तुला काही सांगायचंय का, शाये?"

किती सोपं करून दिलं होतं त्यानं! नुसतं हो म्हणायचं होतं.

"ते... हेरिंग दे इकडे."

"तुला हेरिंग बंद आहे."

"माहितीय!" मी ओरडलो. डॉक्टरांनी मना केलं होतं तसाच ओरडलो. तो उठून म्हणाला, "आज ओमेरचा एकोणतिसावा दिवस," आणि जिना उतरून गेला. पाय ओढत उतरला. रोज असा उतरत नाही.

मी भित्रा आहे. हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. गेदाल्येला वाईट वाटेल म्हणून मी गप्प नाही. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल तिला घाबरून मी गप्प आहे.

सोमवार, ११ मे

आज सूर्य बुडाल्यावर तेहतिसावा लागला. गल्लीत पोरांनी शेकोट्या पेटवल्यात. गेदाल्ये जेवायला आला नाही. फ्रुमे म्हणाली, त्याला काम आहे.

उद्या सकाळी, काहीही होवो, खाली जाऊन सांगेन. तो म्हणाला की त्याला घेऊनच वाजव, तर पर्लस्टाईनला सांगेन की आम्ही येत नाही. जाऊ दे तो हॉल. हे आधीच का नाही सुचलं? सुचलं होतं. धीर नव्हता.

मंगळवार, १२ मे

आज लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी आठला खाली गेलो. दार उघडं. गेदाल्ये नाही. त्सिम्बल कोपऱ्यात, खोळीत बांधलेलं, वर दोन्ही काठ्या ठेवलेल्या. आजच्या दिवशी, जेव्हा शहरातला प्रत्येक वाजवणारा घराबाहेर पडतो, तेव्हा त्याचं वाद्य घरात बांधून ठेवलेलं!  दहापर्यंत सिनेगॉग बघितलं, बाजार बघितला, नदीचा धक्कासुद्धा बघितला. देवा, मी धक्क्यावर जाऊन पाण्यात वाकून बघितलं!

घरी येऊन फ्रुमेला म्हटलं, "तुझा भाऊ हरवला."

ती माझ्या कॉलरला इस्त्री करत होती. "हॉलवर जा," म्हणाली. "उशीर होईल."

"फ्रुमे, कळतंय का तुला मी काय म्हणतोय?"

"कळतंय. हॉलवर जा."

गेलो. माझा क्लॅरिनेट, माझं पोट आणि मी. स्टेजवर अजून अंधुक होतं, दिवे लागायचे होते. बेनी नव्हता. माझ्या डाव्या हाताला, गेदाल्येच्या जागेवर, एक माणूस पाठमोरा बसला होता. पट्ट्यापट्ट्यांचा कोट, डोक्यावर स्ट्रॉ हॅट, मांडीवर बँजो. मान खाली घालून तारा लावत होता. बेनीचा लाजाळू बँजोवाला.

मला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. मग सगळं एकदमच बाहेर पडलं.

"हे बघ भाऊ," मी त्याच्या पाठीला म्हणालो, "तुझा काही दोष नाही. पण तू बसलायस ती जागा माझ्या मेहुण्याची आहे. त्याला काढायला सांगितलं आणि मी बरं म्हणालो. तीन आठवडे त्याच्या ताटात जेवण वाढलं जात होतं आणि मी त्याच्यासमोर बसून खोटं खात होतो. सकाळपासून तो सापडत नाहीये. तो सापडला, तर मी त्याला आणून इथे बसवणार आहे, मग पर्लस्टाईननं मला रस्त्यावर टाकलं तरी चालेल. तुला उठावं लागेल. माफ कर."

पाठ हलली नाही. मग खोल आवाज आला, "किती वेळ लावलास रे, शाये."

तो वळला. दाढी नाही! तीस वर्षं जो चेहरा मी बघितला नव्हता तो चेहरा, गुळगुळीत, हनुवटीवर कापल्याची एक खूण. डोळे तेवढे गेदाल्येचे. मी स्टेजच्या पायरीवर बसलो.

"तू... तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. फ्रुमेनं सांगितलं."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बँजो शिकायला मला दोन आठवडे लागले," तो म्हणाला. "बाकीचे दिवस तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होतो. काल रात्री म्हटलं, हा काही सांगत नाही, मेला आता. आज माझ्या पाठीला का होईना, सांगितलंस."

मी रडलो. लिहायला लाज कसली, रडलो. तो म्हणाला, "नवरीसाठी ठेव थोडं."

मग कळलं सगळं. हार्लेमचा तो न्हावी मिस्टर व्हिटलो, बेनीच्या ओळखीचा, रात्री नाचाच्या हॉलमध्ये बँजो वाजवतो; आज सकाळी दाढीही त्यानंच उतरवली. त्याला यीडिश येत नाही, याला इंग्रजी येत नाही.

"मग बोलायचात कसं?"

"बोलायचं कशाला? तो वाजवायचा, मी चुकवायचो, तो हसायचा. पहिल्या दिवशी मी काठ्या घेऊन गेलो होतो. खुर्चीच्या हातावर आपल्या बुल्गार नाचाचा ठेका धरून दाखवला. तर त्यानं काठ्या काढून घेतल्या, बँजो हातात दिला आणि मान हलवली. म्हणजे काय, येतंय की तुला."

"आणि ओमेरमध्ये गाणं मना आहे त्याचं काय?"

"मी जे वाजवत होतो ते गाणं नव्हतं. शेजाऱ्यांना विचार."

टिंग, टिंग, टिंग. वाफेचे नळ! प्लंबर!

लग्नाचं सांगतो. तीनला सुरू झालं ते वाईटच झालं. नवरीला खुर्चीत बसवलं, मी जीव ओतून हुंदका वाजवला, तर ती मैत्रिणीकडे बघून खिदळली. तिच्या आजीनं तोंड फिरवलं. मग फॉक्सट्रॉट वाजवला, तरुण नाचले, म्हातारे भिंतीला बसले. बुल्गार वाजवला, म्हातारे उठले, तरुण सोडा प्यायला गेले. दाराशी पर्लस्टाईन घड्याळ बघत उभा.

तिसऱ्या फॉक्सट्रॉटला मी डावीकडे बघितलं. गेदाल्येला बँजोवर जेमतेम चार सूर येतात. पण त्या चार सुरांवर त्यानं त्सिम्बलचाच ठेका धरला होता, तोच, ज्याच्यावर मी अठ्ठावीस वर्षं पाय टाकून चाललोय. बेनीनं कान टवकारले आणि ड्रमवर तोच धरला. माझी भीती गेली. मी सूर ताठ धरायचा सोडला. घसरला तर घसरू दे, रडला तर रडू दे. नवरीला ज्याच्यावर रडू आलं नव्हतं तोच हुंदका त्या फॉक्सट्रॉटच्या मध्ये वाजला, आणि त्याच्याखाली पाय थांबेनात.

आजी उठली. भिंतीपासून थेट मैदानात येऊन तिनं नातीचा हात धरला. मग बटणवाला, मग मैत्रिणी, मग सोडावाले. एकच मोठं कडं झालं. निम्मे फॉक्सट्रॉट नाचत होते, निम्मे बुल्गार, आणि कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडत नव्हता. नवरी नाचता नाचता रडत होती, नाकाला रुमाल लावून हसतही होती. बेनी ओरडला, "सोडू नका, काका!" सोडतोय कोण! चाळीस मिनिटं ते एकच गाणं चाललं.

शेवटी पर्लस्टाईन स्टेजपाशी आला. माझ्याशी बोलला नाही. गेदाल्येकडे बोट करून म्हणाला, "हा बँजोवाला कुठून आणलास? याला सोडू नकोस. वर्षभर हाच पाहिजे." त्यानं ओळखलंच नाही!

"याला एक सवय आहे," मी म्हटलं. "नवरी बसवताना याला त्सिम्बल लागतं. नाहीतर येत नाही."

पर्लस्टाईननं कपाळाला हात लावला. "आण बाबा, शवपेटी आण."

बुधवार, १३ मे

आज डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. बरं आहे म्हणाले. लिहिण्याचा गुण आला. मी नुसती मान हलवली.

गेदाल्ये उद्या परत हार्लेमला जाणार आहे. काल दाढी उतरवताना मिस्टर व्हिटलोनं त्याला सुचवलं की तुझ्या त्या रडणाऱ्या क्लॅरिनेटवाल्यालाही आण. नेमकं काय म्हणाला ते गेदाल्येला इंग्रजीत कळलं नाही, पण त्यानं तोंडानं क्लॅरिनेट वाजवून दाखवला म्हणे. मी जाणार. या वेळी एकाच डब्यातून.

फ्रुमेला विचारलं, "माझी वही तू वाचत होतीस?"

"मी? मला वाचायचा कंटाळा आहे," ती म्हणाली आणि चहाचा पेला उचलला. मग म्हणाली, "'बायकांचं काळीज' असं लिहिलंयस, ते खोडून टाक." खोडणार नाही. पण खाली हे लिहून ठेवतो की मी गाढव होतो. वाचेलच ती.

जेवण झाल्यावर गेदाल्ये उठला. दाढी नसल्यामुळे अजून दचकायला होतं. त्यानं मोजलं, "आज ओमेरचा पस्तिसावा दिवस." मी पोटावर हात ठेवून कळ येण्याची वाट बघितली. आली नाही. मग मीही उठलो, आणि या वर्षी पहिल्यांदाच त्याच्याबरोबर मोठ्यानं म्हणालो, पस्तिसावा.